मधल्या धबधब्यापर्यंत

वस्तादांनी जन्मात कधी पळून बस पकडली नव्हती. सुटली तर सुटली, मागून दुसरी येते, असं त्यांचं म्हणणं. सलूनमध्ये दिवसभर उभं राहून पोटऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या फुगून आलेल्या. चढ चढायला नको म्हणून त्यांनी भाड्याचं घरसुद्धा सपाटीवरच बघितलं होतं. अशा माणसाला सगळा बाजार 'वस्ताद' म्हणायचा, आणि तोही केस कापण्यातल्या हातामुळे नव्हे, तर पळण्यामुळे. फक्त पळायची त्यांची मुलगी. वस्ताद खाली बसून घड्याळ बघायचे.

तिचं पळणं पहिल्यांदा लक्षात आलं ते दुकानातच. दुसरीत असेल तेव्हा ती. वस्ताद सकाळी डबा घरीच विसरून आले होते. एका गिऱ्हाईकाची दाढी करता करता ते तिला म्हणाले, "जा गं, आईकडून डबा घेऊन ये." घर बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाला. एक गाल झाला, वस्तरा दुसऱ्या गालाकडे वळला, तोवर पोरगी डबा घेऊन दारात हजर. झाकण घट्ट, एक थेंब सांडलेला नाही, आणि पोरीला धापसुद्धा नाही. खुर्चीत होते शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे सर. अर्ध्या तोंडाला फेस तसाच घेऊन ते उठून बसले.

"अहो, हिच्या पायाला भिंगरी आहे," ते म्हणाले. "हिला डोंगरावर घाला."

तेव्हापासून तिचं नाव भिंगरी पडलं. सर पुढच्याच वर्षी मुलाकडे दूरच्या शहरात राहायला गेले, पण जाताना आपलं जुनं स्टॉपवॉच वस्तादांच्या गळ्यात अडकवून गेले. "आता तुम्हीच हिचे वस्ताद," असं ते गमतीने म्हणाले. सर गमतीने म्हणाले, पण यांनी ते मनावर घेतलं.

गावामागच्या डोंगराला एक पायवाट पूर्ण वळसा घालून येते. तिला सगळे 'वेढा' म्हणतात. पाण्याच्या टाकीपासून ती सुरू होते, दाट झाडीतून उभी चढते, कड्याच्या पोटातून तीन धबधबे ओलांडते आणि माथ्यावरून फिरून दुसऱ्या सोंडेने परत टाकीपाशी उतरते. धबधब्यांना नावं अगदी घरातल्यासारखी: थोरला, मधला, धाकटा. थोरला आणि मधला यांच्यामध्ये वाट कड्याला चिकटून जाते. वरून पाणी ठिबकतं, खाली दरी. त्या तुकड्याला 'निसरडी' म्हणतात. दरवर्षी पावसाळा सरता सरता, धबधबे भरात असताना, वेढ्याची शर्यत लागते. बाहेरगावची तगडी तगडी माणसं येतात आणि त्यातली निम्मी निसरडीवर जन्मदात्यांना आठवतात.

हे सगळं वस्तादांना तोंडपाठ होतं, पण ऐकून. ते स्वतः टाकीच्या पुढच्या पहिल्या वळणापलीकडे कधी गेले नव्हते.

दुकान उघडायच्या आधी, उजाडता उजाडता, ते भिंगरीला स्कूटरवर मागे बसवून टाकीपाशी आणायचे. टाकीच्या कट्ट्यावर थर्मासमधला चहा ओतून घ्यायचे, गळ्यातलं घड्याळ दाबायचे आणि म्हणायचे, "निघ." ती वळणावर दिसेनाशी व्हायची. मग पलीकडच्या सोंडेवर तिची लाल टोपी दिसेपर्यंत ते कट्ट्यावर बसून. टोपी दिसली की उठून उभे राहायचे आणि ओरडायला लागायचे. खाली आली की त्यांची नजर आधी घड्याळाकडे जायची आणि मग पोरीकडे.

त्यांची बायको रक्ततपासणीच्या दवाखान्यात रक्त काढायला होती. शीर सापडणार नाही असा हात तिला गावात ठाऊक नव्हता. संध्याकाळी ती भिंगरीचे पाय कोमट पाण्यात बुडवून काळीनिळी पडलेली नखं बघायची आणि नवऱ्याला म्हणायची, "अहो, खाली आली की आधी तिच्या तोंडाकडे बघत जा हो. घड्याळ कुठे पळून जातंय?"

"घड्याळच पळतं ना," वस्ताद म्हणायचे. "म्हणून तर त्याच्यामागे लागायचं."

बोलण्यात त्यांना कोण हरवणार? बोलणं हा त्यांचा अर्धा धंदा. दुकानात येणारा प्रत्येक जण त्यांना काही ना काही शिकवून जायचा. कुणी सांगे खजूर द्या, कुणी सांगे अंडी द्या, कुणी म्हणे चढावर पावलं छोटी टाकायला सांगा. लोखंडाच्या दुकानदाराचा मुलगा स्वतः पळणारा. त्याने एकदा आपलं महागडं घड्याळ भिंगरीच्या हातात बांधलं आणि नंतर फोनवर नकाशा उघडून वस्तादांना दाखवलं. "हे बघा काका, बाकी सगळीकडे ती बाणासारखी आहे. वेळ जातोय तो फक्त इथे. निसरडीवर."

दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर वस्तादांनी विषय काढला. "निसरडीवर रेंगाळतेस म्हणे तू."

"बाबा, तिथे खाली दिसतं," भिंगरी म्हणाली.

"खाली बघायचंच कशाला? समोर बघायचं."

तिने मान हलवली. बूट घट्ट बांधले आणि निघाली. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती.

एकदा धुकं उतरलं होतं. नेहमीची वेळ टळून गेली तरी टोपी दिसेना. आली ती गुडघे खरचटलेली, डोळे सुजलेले. वस्तादांचा चहा कपात तसाच गार झाला होता, नाही असं नाही. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "रडायला वेळ मिळाला म्हणजे अंगात जोर शिल्लक होता की!" त्यांना ते वाक्य इतकं आवडलं की दुकानात त्यांनी ते दिवसभर ऐकवलं. गिऱ्हाईकं हसली. खुर्चीमागच्या बाकावर शाळेचं दप्तर घेऊन भिंगरी बसली होती, तीही हसली. म्हणून वस्तादांना वाटलं, तिलाही आवडलं.

वर्षं गेली तशी ती पुढे पुढे येत गेली. आधी मुलींमध्ये, मग बायकांमध्ये, आणि एका वर्षी तर पुरुषांतलेही मोजकेच तिच्या पुढे होते. दुकानाच्या आरशाभोवती तिचे फोटो चिकटू लागले. आरसा मोठा, पण हळूहळू गिऱ्हाईकाला स्वतःचं तोंड बघायला मधोमध तेवढी जागा उरली. बाहेरगावचं गिऱ्हाईक बसलं की वस्ताद कात्री हवेत धरून विचारायचे, "ही कोण ओळखलीत का?" आणि मग केस होईपर्यंत त्या बिचाऱ्याची सुटका नसायची.

भिंगरी घरात कमी बोलायची. पण पळणारी मुलं अशीच असतात, ताकद राखून ठेवतात, असं वस्तादांचं मत. बायको म्हणाली, "हिला रात्री झोप लागत नाही." त्यावरही त्यांच्याकडे उत्तर होतं. "शर्यत तोंडावर आली की घोडाही झोपत नाही."

ती एकोणीस वर्षांची असतानाची शर्यत. त्या वर्षी मोठ्या शहरातल्या प्रशिक्षण केंद्राची माणसं बघायला आली होती. ही पहिली आली तर तिला तिकडे नेणार, राहणं-खाणं सगळं त्यांचं. वस्तादांनी दुकान बंद ठेवलं, इस्त्रीचा शर्ट घातला आणि टाकीपाशी दोरीला लागून पुढची जागा धरली. भोंग्यावरून बातम्या येत होत्या. थोरल्या धबधब्यापाशी भिंगरी बायकांत सगळ्यांच्या पुढे. मागचीला बरंच मागे टाकलेलं. लोकांनी वस्तादांची पाठ थोपटून थोपटून लाल केली.

मग सोंडेवर टोपी दिसली. पण ती लाल नव्हती. एक बाई उतरली, मग दुसरी, मग चार-पाच जणी मिळून. भोंगा भिंगरीचं नाव घेईना.  निसरडी. खाली दरी. जन्मात पहिल्यांदा ते दोरी ओलांडून पहिल्या वळणापर्यंत पळाले आणि तिथेच झाड धरून उभे राहिले, कारण छातीचा भाता झाला होता. हातात बिनतारी यंत्र घेतलेला एक स्वयंसेवक मागून धावत आला.

"काका, घाबरू नका. ती मधल्या धबधब्यापाशी आहे. काही लागलेलं नाही."

"मग?"

"बसलीय म्हणे."

"बसलीय म्हणजे?"

स्वयंसेवकाने यंत्र कानाला लावून पुन्हा खात्री केली. "पाण्यात पाय सोडून बसलीय, असं म्हणताहेत."

उन्हं कलती झाली तेव्हा भिंगरी खाली आली. रमतगमत येणाऱ्या सगळ्यात शेवटच्या लोकांबरोबर, बूट हातात घेऊन, अनवाणी. तिच्या तोंडाकडे बघून कुणी म्हटलं नसतं की ही हरली. केंद्राची माणसं केव्हाच निघून गेली होती. वस्ताद अजून तिथेच उभे होते, इस्त्रीच्या शर्टाचं पोतेरं झालेलं.

"बाबा, मी थांबले," ती म्हणाली.

"का?"

तिने जरा विचार केला. "थांबावंसं वाटलं."

वस्ताद ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी स्कूटर चालू केली आणि तिला तिथेच सोडून घरी आले. त्या दिवसापासून बोलण्यात कुणाला हार न जाणाऱ्या या माणसाने पोटच्या पोरीपुढे तोंडाला कुलूप लावलं. एकाच खोलीत बसून बायकोला म्हणायचे, "तिला सांग जेवायला वाढलंय." मधल्या माणसाकडून निरोप धाडावा तसं. भिंगरी दोन-तीनदा जवळ येऊन बसली. एकदा तिने "बाबा" अशी हाकही मारली. वस्तादांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

उन्हाळा लागायच्या आत ती दुसऱ्या गावी गेली. चष्म्याच्या दुकानात नोकरी धरली. तिला बसवर सोडायला आई एकटीच गेली. परत येऊन तिने पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "काम चांगलं आहे. काउंटरमागे बसून करायचं आहे. बसून, म्हणून किती खूश होती." नवऱ्याने वर बघितलं नाही. तेव्हा ती म्हणाली, "भांडण तुम्हा दोघांचं, आणि घर माझं ओस पडलं."

दुकानात तर विचारूच नका. प्रत्येक खुर्चीतून एकच प्रश्न. काय म्हणते भिंगरी? यंदा पळणार का? वस्ताद आधी काहीबाही सांगायचे, मग नुसतं हूं करायला लागले, आणि एका सोमवारी, दुकान बंद असताना, त्यांनी आरशावरचे सगळे फोटो काढून टाकले. चिकटपट्टीचे डाग काही केल्या निघेनात. रॉकेल लावलं, लिंबू लावलं. गिऱ्हाईकाला आता आरशात स्वतःचं तोंड पूर्ण दिसायचं, आणि तोंडाभोवती पिवळे चौकोन.

असं वर्ष गेलं. पुढची शर्यत झाली, वस्ताद तिकडे फिरकले नाहीत. बायको दर महिन्याला मुलीला भेटून यायची. एकदा ती आली तीच घुश्श्यात. झालं होतं असं, की बसमध्ये कुणी ओळखीच्याने तिला म्हटलं होतं, वस्ताद अजून दुकानात सांगतात, पोरीने ऐन वेळी नांगी टाकली म्हणून.

"म्हणालात तुम्ही असं?"

"मग काय खोटं आहे?"

बायकोने आवाज चढवला नाही. रक्त काढताना बोलते त्याच आवाजात ती म्हणाली, "तुम्ही एकदा तरी वर जाऊन या. बारा वर्षं माझी पोर रोज कुठे जात होती, ते एकदा बघून या. मग काय म्हणायचं ते म्हणा. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण."

शब्द वर्मी लागला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत. वस्ताद मनात म्हणाले, जातो. त्यात काय एवढं? लहान पोर जात होती.

पुढच्या सोमवारी उजाडता उजाडता ते कॅनव्हासचे बूट घालून टाकीपाशी गेले. आजूबाजूला कुणी नाही असं बघून चक्क पळायला लागले. पहिलं वळण आलं, तोच दम संपला. पलीकडे काय असेल असं त्यांना इतकी वर्षं वाटत होतं? वाट असेल, जराशी चढी. तिथे वाट नव्हतीच. झाडांची मुळं होती, एकावर एक, ओली, आणि त्यांतून माणसाने हातापायाने मार्ग काढायचा होता. पळणं राहिलं बाजूला. वस्ताद चालले, मग थांबत थांबत चालले, मग पोटऱ्यांच्या शिरा ठणकायला लागल्या तेव्हा झाडं धरून स्वतःला वर ओढत राहिले. चढ संपला असं वाटावं आणि वळणावर पुढचा चढ दिसावा. तोंड कडू झालं. 'छोटी पावलं टाक' असं आपण सांगायचो ते त्यांना आठवलं. इथे पाऊल टाकायलाच जागा नव्हती, छोटं काय अन् मोठं काय.

थोरला धबधबा आधी कानात शिरला, मग अंगावर तुषार आले, मग दिसला. एरवी त्यांनी तोंड भरून कौतुक केलं असतं. पण त्यांचं लक्ष पुढच्या वाटेकडे गेलं आणि ते धबधबा विसरले.

निसरडी. उजव्या हाताला काळा कडा, शेवाळलेला. वरून सारखं पाणी ठिबकतंय. डाव्या हाताला काहीही नाही. खाली झाडांचे शेंडे, तेही नखाएवढे. आणि मधे, दोन पावलं शेजारी शेजारी ठेवता येणार नाहीत एवढी वाट. वस्ताद कड्याला पाठ लावून उभे राहिले. तिथे खाली दिसतं बाबा, असं ती म्हणाली होती. दहा-अकरा वर्षांची पोर, उजाडायच्या वेळेला, एकटी. आणि ते खालून काय ओरडायचे? इथेच वेळ जातो तुझा. इथे भरभर जा.

ते खाली बसले. मग गुडघ्यांवर आले. रांगत रांगत, डोळे समोरच्या दगडावर खिळवून, त्यांनी थोडं अंतर काटलं. मध्यावर आल्यावर ते अडकले. पुढे जाववेना, मागे वळायला जागा नाही. किती वेळ तसे राहिले कुणास ठाऊक. मग समोरून आवाज आला.

"हलू नका. मी येतो."

पाणीपुरवठ्याचा एक म्हातारा कामगार होता तो. मधल्या धबधब्यातून गावच्या टाकीला पाइप जातो. त्याच्या तोंडावरची जाळी पाल्याने तुंबते, ती साफ करायला रोज पहाटे वर यायचा. सगळे त्याला पाइपवाला म्हणायचे. तो निसरडीवरून घरच्या व्हरांड्यात चालावं तसा आला, वस्तादांचा हात मनगटाशी धरला आणि त्यांना पावलापावलाने पलीकडे घेऊन गेला. पलीकडे मधल्या धबधब्याचं कुंड होतं. काठाला बसायजोगा सपाट दगड. वस्ताद त्यावर कोसळलेच.

पाइपवाल्याने त्यांना पाणी पाजलं. चेहरा निरखून बघितला. "तुम्ही सलूनवाले. भिंगरीचे वडील ना?"

वस्तादांनी मान हलवली.

"तरीच. तीही तिथेच अडकायची. बरोब्बर मध्यावर."

"भिंगरी?"

"लहान होती तेव्हा. रडायची हो, पाऊल उचलत नसे. मग मी हे काम टाकून जायचो, हात धरून अलीकडे आणायचो. रोजचंच झालं होतं. मला म्हणायची, काका, बाबांना सांगू नका." म्हातारा जाळीवरचा पाला बोटांनी काढत बोलत होता, कुणावर ठपका ठेवल्यासारखा अजिबात नाही. "मोठी झाली तेव्हा हात सुटला. पण निसरडीवर पाऊल टाकायच्या आधी पलीकडून हाक मारायची. 'काका, आहात का?' मी म्हणायचो, 'आहे.' तेवढ्याने भागायचं तिचं."

धबधब्याचा आवाज मोठा होता. वस्तादांना वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नसावं. पण आलं होतं.

"शर्यतीच्या दिवशी तुम्ही इथे होतात?"

"होतो की. हाक मारली, ओ दिली. आली इथवर. मी म्हटलं, पोरी, पहिली आहेस, पळ. ती इथे उभी राहिली. म्हणाली, 'काका, इतकी वर्षं रोज इथून जाते, या पाण्यात एकदाही पाय बुडवले नाहीत मी.' मी म्हटलं, मग बुडव."

"मग?"

"मग बुडवले."

"काही बोलली नाही?"

पाइपवाल्याने आठवून बघितलं. "म्हणाली, गार आहे."

वस्ताद त्या दगडावर बसून रडले. वडील गेले तेव्हा रडले नव्हते इतके. म्हाताऱ्याने पाठ फिरवून जाळी साफ करायला घेतली, साफ झाली होती तरी. त्यांना एकदा वाटलं, आपणही बूट काढावेत. पण मन धजेना. ती जागा आपली नाही, असं आतून कुणीतरी सांगत होतं. धाकट्या धबधब्यापर्यंत जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. परतताना पाइपवाल्याने पुन्हा हात धरून निसरडी पार करून दिली आणि खाली टाकीपर्यंत सोबत आला.

घरी आल्यावर बायकोने त्यांचे सोललेले गुडघे बघितले. कापूस आणि औषध काढलं. औषध लावताना वस्ताद म्हणाले, "उद्या तिच्याकडे जाऊन येतो." तिचा हात क्षणभर थांबला, मग पुन्हा कापूस फिरवू लागला.

चष्म्याचं दुकान छोटं, काचेचं, स्वच्छ. भिंगरी काउंटरमागे उंच स्टुलावर बसली होती. अंगाने जराशी भरली होती, त्यांच्या डोळ्यांना ती परकी वाटली आणि छान वाटली. बाबांना दारात बघून ती उभी राहिली. घाबरूनच उभी राहिली, हे त्यांच्या लक्षात आलं, आणि ते त्यांच्या जिव्हारी लागलं.

"आई बरी आहे ना?" तिने आधी हेच विचारलं.

"बरी आहे. मी सहज आलो." वस्तादांनी एक फ्रेम उचलली, खाली ठेवली. वर्षभर न बोललेल्या माणसाला पहिलं वाक्य शोधायचं म्हणजे काय असतं! शेवटी म्हणाले, "मी वर गेलो होतो. वेढ्यावर."

"तुम्ही?" ती बघतच राहिली. "कुठवर?"

"मधल्या धबधब्यापर्यंत."

"म्हणजे निसरडी...?"

"रांगत गेलो. गुडघ्यांवर."

भिंगरीला हसू फुटलं. लहानपणीचं, दात दिसणारं. वस्तादही हसायला गेले, तेवढ्यात तिचं हसू विरलं.

"मला माहीत नव्हतं गं," ते म्हणाले.

"मी सांगितलं होतं, बाबा."

"हो. सांगितलं होतंस." त्यांना 'तिथे खाली दिसतं' हे तिचं वाक्य पुन्हा ऐकू आलं. "मी ऐकलं नाही."

एक बाई चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आली. भिंगरीने छोट्या स्क्रूड्रायव्हरने स्क्रू आवळला, काच पुसली, चष्मा बाईंच्या नाकावर नीट ठेवून बघितला. वस्ताद बाजूला उभे राहून तिची बोटं बघत होते. इतकी वर्षं त्यांनी तिच्या फक्त पायांचा विचार केला होता. बाई गेल्यावर ते म्हणाले, "इथे जवळ मोकळं मैदान आहे का? संध्याकाळी, आपलं, मजा म्हणून... घड्याळबिड्याळ काही नाही. मी पुन्हा त्यात पडणार नाही."

भिंगरीने मान खाली घातली. "मला पळायला खूप आवडायचं, बाबा. डबा आणायला पाठवायचात ना, तेव्हापासून. तुम्ही घड्याळ घातलंत त्याच्या आधीपासून." ती काउंटरची काच पुसत राहिली. "मध्ये करून बघितलं इथे. पहाटे मैदानावर गेले. चार पावलं टाकली की कानात तुमचा आवाज येतो. ते गेलं आता. परत नाही येत."

"माझ्यावर राग आहे?"

"राग नाही," ती म्हणाली, आणि ते खरं असावं. "राग होता तेव्हा बरं होतं."

तिने बाबांना चहा पाजला, बसपर्यंत सोडलं, खिडकीतून पाण्याची बाटली दिली. घरी ये, असं ते म्हणाले. येईन, असं ती म्हणाली. ती आली नाही असं नाही. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा आठवडाभर राहून गेली. बाबांशी नीट बोलली, त्यांच्या ताटात वाढलं. पण सकाळी उजाडायच्या आधी जाग येऊन ती अंथरुणात बसून राहायची. बायकोने वस्तादांना सांगितलं नाही, त्यांनी स्वतः बघितलं. आठवडा संपला तशी ती गेली. तिकडेच तिने भाड्याने खोली घेतली, पुढे दुकानातल्याच एका साध्या मुलाशी लग्न केलं.

आता ती रविवारी फोन करते. आधी आईशी पुष्कळ बोलते, मग आई फोन वस्तादांकडे देते. तेव्हा दोघांची पंचाईत होते. बारा वर्षं बापलेकीत एकच विषय होता: चढ, उतार, वेळ, पाय. तो विषय काढून टाकला तर हातात काही उरत नाही. "जेवलीस?" "हो. तुम्ही?" "हो."  पण वस्तादांनी चिकाटी सोडली नाही. ते दुकानात गिऱ्हाईकांना चष्म्याबद्दल विचारू लागले. दोन नंबरचा चष्मा म्हणजे काय, काचेवर ओरखडे का पडतात, असले प्रश्न गोळा करून ठेवायचे आणि रविवारी एक एक काढायचे. ती उत्तरं द्यायची. कधी कधी तिचा आवाज थोडा मोकळा व्हायचा.

यंदा शर्यत रविवारीच आली. सगळा बाजार टाकीपाशी गेला होता. वस्तादांनी दुकान उघडलं खरं, पण खुर्च्या रिकाम्या. लांबून भोंग्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. दुपारी फोन वाजला. आज तिने आईला न करता थेट दुकानात केला होता.

"गर्दी आहे का बाबा दुकानात?"

"नाही गं. आज कुणी नाही."

फोनमधून तिलाही भोंगा ऐकू गेला असणार.  मग ती म्हणाली, "काल एक आजोबा आले होते. नवा चष्मा घातला, बायकोकडे बघितलं आणि मला म्हणाले, 'जुना परत दे.'"

वस्तादांना ते कळायला जरा वेळ लागला. मग ते मोठ्याने हसले. हसताना त्यांनी मोकळ्या हाताने डोळे पुसले आणि विचारलं, "मग? बायको काय म्हणाली?"

ती सांगू लागली. वस्ताद आपल्याच खुर्चीत बसले, आणि मध्ये एकदाही न बोलता ऐकत राहिले.